महिना झाला, आता आरोग्याचा हिशोब मांडू या

 

गेल्या महिन्याच्या बैठकीत जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या आपल्या बऱ्याच गटांनी बचतीच्या रजिस्टरात एक जादा पान घातलं. कुणी लिहिलं, वजन कमी करायचं. कुणी लिहिलं, चहातली साखर कमी करायची. कुणी बीपी तपासून घ्यायचं ठरवलं. आता महिना भरला आहे. बचत किती झाली, कर्जाचा हप्ता कुणाचा आला हे आपण जसं दर महिन्याला बघतो, तसंच हे पानही उघडून बघायला हवं. ते कसं बघायचं, त्यातून काय समजून घ्यायचं आणि पुढच्या महिन्याचं काय ठरवायचं, याबद्दल आज बोलू या.

उमेद अभियानात गटासाठी दशसूत्री सांगितली आहे. त्यात नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे यांच्याबरोबर आरोग्य हे सूत्रही आहेच. त्यामुळे बैठकीत पंधरा-वीस मिनिटं आरोग्यावर बोलणं हे गटाचंच काम आहे. त्यासाठी वेगळी बैठक बोलवायची गरज नाही.

आम्हाला कसलं वजन?

गावोगावी बैठकीत हा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, आम्ही शेतात राबणाऱ्या बाया. आम्हाला कसलं आलंय वजन? ते शहरातल्या बायांचं." प्रश्न बरोबर वाटतो, पण आकडे वेगळं सांगतात. 2019 ते 2021 मध्ये राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झालं. त्यानुसार देशात 15 ते 49 वयाच्या दर शंभर बायांपैकी 24 जणींचं वजन जास्त आहे आणि सुमारे 19 जणींचं गरजेपेक्षा कमी आहे. महाराष्ट्रात तर याच वयाच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे 54 टक्के बायांच्या अंगात रक्त कमी आहे.

म्हणजे आपल्या दहा-बारा जणींच्या गटात दोन-तीन जणींना वजन कमी करायची गरज असेल, दोघींना वाढवायची असेल आणि पाच-सहा जणींना रक्त वाढवायचं असेल. वजन जास्त आहे म्हणजे अंगात रक्त आहे, असं मुळीच नसतं. जाड बाईलाही पंडुरोग असतो. म्हणून सगळ्या गटाला एकच नियम लावता येत नाही. ही आजची पहिली गोष्ट लक्षात ठेवा.

आणि शेतातल्या कामाचं म्हणाल, तर ते बारा महिने सारखं नसतं. जून-जुलैत पेरणी, मग निंदणी, दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी. या दिवसांत अंगाचं पाणी होतं. पण कापूस निघाला, हरभरा-गहू घरात आला की काम कमी होतं. पुढे लग्नसराई, आखाजी, पाहुणे. काम कमी होतं, पण ताट तेवढंच राहतं, उलट त्यात गोडधोड वाढतं. दळण गिरणीवर, वाटण मिक्सरवर, पाणी नळाला. हे सगळं चांगलंच झालं, आपले कष्ट वाचले. पण जुन्या कष्टाच्या हिशोबाने चालत आलेलं जेवण आता कुठे खर्ची पडतं, हा प्रश्न उरतो.

आधी मोजमाप नीट घ्या

महिन्याचा हिशोब करायचा तर पहिल्या दिवसाचा आकडा आणि आजचा आकडा एकाच पद्धतीने मोजलेला पाहिजे. नाहीतर काट्याचाच फरक आपण वजनाचा फरक समजून बसतो.

वजन करायचं ते सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी. दोन्ही वेळा साधारण सारखेच हलके कपडे असावेत. चप्पल काढा. पाटल्या-बांगड्यांचं वजन फार नसतं, पण मागच्या वेळी जे अंगावर होतं तेच याही वेळी ठेवा. काटा शहाबादी फरशीवर किंवा सिमेंटच्या सपाट जमिनीवर ठेवा. सारवलेल्या मऊ जमिनीवर किंवा चटईवर तो चुकीचं दाखवतो. गटाकडे काटा नसेल तर अंगणवाडीताईंना विचारा. अंगणवाडीत मातांच्या वजनाचा काटा असतो आणि उंची मोजायची पट्टीही असते. मात्र मागच्या महिन्यात ज्या काट्यावर वजन केलं, त्याच काट्यावर परत करा.

रोज वजन करू नका. जास्त मीठ खाल्लं, पाळी जवळ आली, पोट साफ झालं नाही, तर एका दिवसात किलो-दीड किलो इकडे-तिकडे होतं. ते पाण्याचं वजन असतं. आठवड्यातून एकदा किंवा पंधरा दिवसांनी पुरे.

कमरेचा घेर मोजायला शिलाईची टेप लागते. ती आपल्याकडे कुणा ना कुणाकडे असतेच. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप गुंडाळायची. साडीच्या निऱ्या आणि परकराची नाडी त्या जागेच्या खाली सारा. पोट आत ओढायचं नाही. साधा श्वास सोडल्यावर आकडा बघायचा. बायांचा घेर 80 सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंचाच्या आत असावा. पोटावरची चरबी ही साखर, बीपी आणि हृदयाच्या आजाराशी जास्त जोडलेली आहे. म्हणून हा आकडा वजनाइतकाच महत्त्वाचा. एखादी बाई हातापायाने बारीक दिसते, पण घेर 88 असतो. तिनेही हे पान गांभीर्याने घ्यावं.

आता वजन किती असावं? ते उंचीवर ठरतं. आपल्याकडच्या बायांसाठी ढोबळ हिशोब असा. उंची 150 सेंटिमीटर, म्हणजे पाच फुटांना एक इंच कमी असेल, तर साधारण साडेएकेचाळीस ते साडेएकावन्न किलो हे योग्य वजन. 56 किलोच्या वर गेलं तर लठ्ठपणा. उंची 155 सेंटिमीटर असेल तर साडेचव्वेचाळीस ते 55 किलो योग्य आणि 60 च्या वर लठ्ठपणा. हे आकडे भारतीय शरीराला धरून आहेत. परदेशी तक्त्यात जास्त वजनही चालतं असं लिहिलेलं दिसेल. पण आपल्या लोकांना कमी वजनावरच साखरेचा त्रास सुरू होतो, म्हणून आपली मर्यादा खाली धरतात.

बाकीचे तीन आकडे उपकेंद्रात मिळतात. बीपी 140/90 च्या खाली हवं. उपाशीपोटी साखर 100 च्या आत हवी. ती 126 किंवा त्याहून जास्त आली तर परत तपासून डॉक्टरांना दाखवायचं. रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, 12 च्या खाली नको. गरोदरपणी 11 च्या खाली नको. बीपी मोजायच्या आधी पाच मिनिटं शांत बसा. उन्हातून चालत येऊन किंवा चहा पिऊन लगेच मोजलं तर आकडा वाढलेला दिसतो.

तीस वर्षांच्या वरच्या प्रत्येकीसाठी आशाताई एक फॉर्म भरतात. त्यात वय, कमरेचा घेर, तंबाखू, दारू, आई-वडिलांना साखर-बीपी होतं का, आठवड्यात किती हालचाल होते, असे प्रश्न असतात आणि त्यांना गुण असतात. एकूण गुण चारच्या वर गेले तर तपासणीला आधी जायचं. तुमचा फॉर्म भरला आहे का, हे या महिन्यात आशाताईंना विचारून घ्या. मिश्री लावत असाल तर तेही न लाजता सांगा.

आकडा काय सांगतो?

आता रजिस्टरचं पान उघडू या. महिन्यानंतर साधारण चार प्रकारचे आकडे दिसतात.

पहिला प्रकार. वजन एक-दोन किलोने उतरलं. हे उत्तम. आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास वजन उतरणं ही चांगली चाल आहे. बैठकीत काहींना एक किलो म्हणजे काहीच नाही असं वाटतं. तर त्याचा हिशोब ऐका. अंगातली एक किलो चरबी जायला साधारण 7,700 उष्मांक कमी पडावे लागतात. रोज अडीचशे कमी केले तर महिन्याला जेमतेम एक किलो. आणि ज्या बाईचं वजन 70 किलो आहे, तिने साडेतीन किलो जरी उतरवलं आणि टिकवलं, तरी साखर आणि बीपीवर त्याचा चांगला परिणाम दिसतो. गुडघ्यांवरचा भारही कमी होतो. म्हणजे तीन-चार महिन्यांचं काम आहे. घाई नाही.

दुसरा प्रकार. वजन तेवढंच, पण घेर दोन सेंटिमीटरने कमी झाला. परकराच्या नाडीची गाठ पुढे सरकली, ब्लाउज सैल झालं. ही सुद्धा प्रगती आहे. चालण्याने, उठबस केल्याने स्नायू बळकट होतात आणि पोटाची चरबी कमी होते. काटा हे दाखवत नाही, टेप दाखवते. जिने फक्त काटा बघितला ती इथे नाराज होऊन सोडून देते. तिला टेप दाखवा.

तिसरा प्रकार. वजनही तेवढंच आणि घेरही तेवढाच, किंवा थोडा वाढला. तर आधी महिन्यात काय झालं ते बघा. लग्नं किती झाली? पाहुणे होते का? पाळी जवळ आहे का? गोळ्या नवीन सुरू झाल्या का? कारण सापडलं तर पुढच्या महिन्यात ते सांभाळता येतं. सगळं नीट पाळूनही दोन-तीन महिने काही हलत नसेल आणि सोबत थकवा, अंगावर सूज, केस गळणं, थंडी जास्त वाजणं, पाळी अनियमित होणं असं काही असेल, तर थायरॉइडची तपासणी करायला डॉक्टरांना विचारा.

चौथा प्रकार. महिन्यात चार-पाच किलो उतरले. इथे टाळ्या वाजवू नका. ती बाई जेवत नसेल. किंवा आजारी असेल. खूप तहान, रात्री सारखं लघवीला उठणं आणि वजन उतरणं म्हणजे साखर वाढलेली असू शकते. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळी ताप आणि वजन उतरणं म्हणजे क्षयरोगाची तपासणी करायची. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. काही न करता वजन उतरत असेल तर ती आनंदाची बातमी समजू नका, दवाखान्यात जा.

आणि ज्या बहिणींचं वजन आधीच कमी आहे, त्यांचं पान वेगळं वाचायचं. त्यांच्यासाठी एक किलो वाढणं ही प्रगती आहे. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि वाढीच्या वयातल्या मुली यांनी वजन कमी करायच्या नादाला लागूच नये.

डबा, पुडा आणि बरणी बघा

खाण्याचा हिशोब करताना "मी आता कमी खाते" असं सगळ्याच म्हणतात. त्यापेक्षा स्वयंपाकघरातल्या वस्तू खरं बोलतात.

पहिला तेलाचा डबा. कामाच्या कष्टाप्रमाणे बाईला दिवसाला 20 ते 30 ग्रॅम तेल-तूप पुरतं. सरासरी 25 धरा. पाच माणसांच्या घराला दिवसाला 125 ग्रॅम झालं. म्हणजे 15 किलोचा डबा 120 दिवस, चार महिने जायला हवा. आपल्याकडे तो किती दिवस जातो? डबा फोडला त्या दिवसाची तारीख त्यावर खडूने किंवा पेनने लिहा. तोच तुमचा हिशोब. शेवभाजीवर तर्री तरंगली नाही तर पाहुण्यांना काय वाटेल, असं आपल्याला वाटतं. भरीत म्हणजे वांगं भाजून केलेली किती गुणी भाजी, पण त्यात आपण तेल किती ओततो ते बघा. वांगं तेवढंच घ्या, कांद्याची पात वाढवा, तेल एक पळी कमी करा.

दुसरा मिठाचा पुडा. माणशी दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा. पाच माणसांना एक किलोचा पुडा चाळीस दिवस जायला हवा. आणि पापड, बिबडे, कुरडया, लोणचं, बाजारची शेव यांतलं मीठ त्याच्याशिवाय असतं, हेही धरा. घरात कुणाला बीपी असेल तर मीठ कमी केल्याचा फरक दिसतो.

तिसरी साखरेची बरणी. आपल्याकडे चहा म्हणजे मानपान. कुणाच्या ओट्यावर गेलं की चहा. दिवसातून पाच कप झाले आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, तर 50 ग्रॅम साखर नुसती चहातून गेली. महिन्याची दीड किलो, आणि तीही एकट्या बाईची! जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहिलं तर जास्त चांगलं. गूळ चालतो का, असं विचारतात. वजनाच्या हिशोबाने गूळ आणि साखर जवळजवळ सारखेच.

आता अडीचशे उष्मांक रोज कसे वाचवायचे ते बघा. तीन कप चहाची साखर कमी केली, तर सुमारे 120. भाजीतलं एक मोठा चमचा तेल कमी केलं, तर तेवढेच. झाले की! उपाशी राहायची, भाकरी सोडायची गरजच पडली नाही.

भाकरी सोडू नका. ज्वारी, बाजरी आणि कळण्याची भाकरी हे आपलं बळ आहे. कळण्याच्या भाकरीत उडीद असतो, त्यातून प्रथिनंही मिळतात. ताटात अर्धा भाग भाजी आणि कच्चं, पाव भाग भाकरी आणि पाव भाग डाळ, मटकी, अंडं किंवा दही-ताक अशी वाटणी ठेवा. वरण-बट्टीच्या दिवशी बट्टी तुपात बुडते, पुरणपोळीच्या दिवशी आमरस येतो. सणाला खा, दोन घास कमी खा. पण सणाचं जेवण आठवडाभर शिळं करून खाल्लं जातं आणि ते बाईच्याच ताटात येतं. "टाकायचं कसं" म्हणून आपण शेवटी उरलेलं खातो, ते वजनात दिसतं. अंदाजाने कमी रांधा.

केळ्याचं सगळ्या रावेर-यावलच्या बहिणी विचारतात. केळी खाऊन वजन वाढतं का? मध्यम आकाराच्या एका केळ्यात शंभरेक उष्मांक असतात. भूक लागल्यावर शेवेच्या वाटीऐवजी एक केळं खाल्लं तर फायदाच आहे. पण तळलेल्या वेफर्सच्या शंभर ग्रॅमच्या पुडीत पाचशेच्या वर उष्मांक असतात. फळ तेच, पण तळलं की हिशोब बदलला. साखरेचा आजार असेल तर केळं किती खायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

उपवासाचंही तसंच. सोमवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्र. दिवसभर उपाशी आणि मग साबुदाण्याची खिचडी, तळलेले पापड, शेंगदाण्याचा लाडू. असा उपवास वजन कमी करत नाही. भगर, ताक, फळ, शेंगदाण्याची आमटी असं साधं ठेवा. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या बहिणींनी डॉक्टरांना न विचारता कडक उपवास करू नये. साखर एकदम खाली जाऊन चक्कर येते, घाम फुटतो, बेशुद्धीही येऊ शकते.

रक्त कमी असणाऱ्यांनी मेथी, शेपू, तांदूळजा, हरभऱ्याची भाजी, बाजरी आणि डाळी वाढवाव्यात आणि त्यावर लिंबू पिळावं. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, त्यामुळे लोह अंगी लागत नाही. लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात मोफत मिळतात. सातपुड्याच्या पायथ्याला शिरपूर, चोपडा, यावल, रावेर भागातल्या आपल्या भिल्ल आणि पावरा बहिणींनी सिकलसेलची तपासणीही करून घ्यावी. तिथे रक्त कमी असण्याचं कारण वेगळं असू शकतं आणि उपचारही वेगळा असतो.

चालण्याचा आणि कामाचा हिशोब

आठवड्याला 150 मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. रोज अर्धा तास, पाच दिवस. निंदणी, खुरपणी, डोक्यावर भारा घेऊन चालणं हे त्यात धरता येतं. पण दिवसभर बसून कापूस निवडणं, गोधडी शिवणं, मशीन चालवणं हे थकवणारं असलं तरी त्यात धरू नका. रजिस्टरात दिवस लिहायचे. किती दिवस चाललो, एवढंच. पहिल्या महिन्यात आठवड्याला तीन दिवस झाले असतील तर ते लिहा आणि पुढच्या महिन्यात चार धरा.

चालण्याबरोबर एक व्यायाम घरात करा. खुर्चीवर किंवा बाजेवर बसायचं आणि हाताचा आधार न घेता उठायचं. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. यातून मांड्या बळकट होतात आणि गुडघ्यांना आधार मिळतो. गुडघे फार दुखत असतील तर उंच जागेवर बसून सुरुवात करा.

आपल्या खान्देशातला उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. त्या दिवसांत चालणं पहाटे, ऊन व्हायच्या आत. पाणी पिऊन निघा. घाम यावा म्हणून उन्हात चालणं, पोटाला प्लॅस्टिक बांधणं, असलं काही करू नका. त्याने फक्त पाणी जातं आणि उष्माघात होऊ शकतो.

एकटीने चालायची लाज वाटते, लोक हसतात, हे आम्ही गावोगावी ऐकतो. "शेतात दिवस गेला तरी हिला फिरायचं सुचतं" असं घरातूनच ऐकावं लागतं. यावर सोपा उपाय म्हणजे चौघींनी मिळून निघणं. चौघी निघाल्या की पंधरा दिवसांत गावाला सवय होते.

हिशोब घराचाही करा

बैठकीत प्रत्येकीला एक प्रश्न विचारा. या महिन्यात तुमच्यासाठी घरात काय बदललं? वजन बाईचं आणि बदल फक्त बाईने करायचा, तर तो टिकत नाही. ती वेगळी भाजी करणार नाही, तिला वेळ नाही. सगळ्यांच्याच भाजीत तेल कमी झालं पाहिजे. त्याने सासऱ्यांचं बीपी आणि नवऱ्याचं पोटही सांभाळलं जाईल. आपण सगळ्यात शेवटी जेवतो, तेव्हा डाळ संपलेली असते आणि भात-भाकरी उरलेली असते. डाळीची वाटी आधी बाजूला काढून ठेवा. किंवा सगळे एकत्र बसा. आठवड्यातून दोन दिवसांनी सुरुवात केली तरी चालेल.

बैठकीत हे पान कसं चालवायचं?

वजन मोठ्याने वाचायचं नाही. प्रत्येकीचा आकडा तिच्या चिठ्ठीत किंवा वहीत राहील. रजिस्टरात फक्त एवढं लिहा: मोजलं की नाही, तपासणी झाली की नाही, ठरवलेली सवय किती दिवस पाळली. बैठकीला उशिरा येण्याचा दंड घेतो तसा वजन वाढल्याचा दंड घेऊ नका. जास्त किलो उतरवणारीला बक्षीसही ठेवू नका. बक्षिसासाठी दोन दिवस उपाशी राहून काट्यावर उभी राहणारी बाई आजारी पडेल. कुणाच्या अंगावरून, पोटावरून थट्टा झाली तर अध्यक्ष-सचिवांनी तिथेच थांबवावी.

प्रत्येकीला तीन प्रश्न विचारा. काय जमलं? काय अडलं? पुढच्या महिन्यात कोणती एक गोष्ट करणार? दोन मिनिटांत होतं. अडलेली गोष्ट दोघी-तिघींची सारखी निघाली तर गटाने मिळून मार्ग काढा. उपकेंद्र लांब असेल तर सगळ्यांनी एकाच दिवशी जा, किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना बैठकीच्या दिवशी गावात यायची विनंती ग्रामसंघामार्फत करा. परसबागेत भाजी नसेल तर बियाणं वाटून घ्या.

आणखी एक. महिन्यात दहा किलो उतरवणारी पावडर, काढा, चहा, पट्टा घेऊन कुणी ना कुणी गावात येतं. कधी ती आपलीच ओळखीची असते. हजारो रुपये जातात. गटातून त्यासाठी कर्ज देऊ नका. कुणी आग्रह केला तर ते पाकीट घेऊन आधी उपकेंद्रात दाखवा. आणि पावडर सुरू केली म्हणून बीपी-साखरेची गोळी बंद करायला सांगितली, तर त्या माणसाला दारातूनच परत पाठवा. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करायची नाही, आकडे सुधारले तरीही नाही.

पुढच्या महिन्याचं काय लिहायचं?

"पाच किलो कमी करणार" असं लिहू नका. किलो आपल्या हातात नसतात, काम असतं. "सकाळचा एक चहा बिनसाखरेचा", "बुधवार ते रविवार पहाटे अर्धा तास चालणं", "शुक्रवारी उपकेंद्रात बीपी आणि साखर", असं लिहा. म्हणजे महिन्याने "झालं" किंवा "नाही झालं" असं सरळ उत्तर मिळतं. एका वेळी एक किंवा दोनच गोष्टी धरा. मागच्या महिन्याची सवय अजून बसली नसेल तर तीच पुढे चालू ठेवा, नवी घेऊ नका.

आणि जी बहीण या महिन्यात काहीच करू शकली नाही, तिला बैठकीत मागे बसू देऊ नका. घरात आजारपण असेल, मजुरीचे दिवस असतील, मन लागत नसेल. तिला विचारा, तिचं ऐका आणि तिच्याबरोबर उपकेंद्रात जायला कुणीतरी तयार व्हा. कर्जाचा हप्ता चुकला तर आपण घरी जाऊन विचारपूस करतो. तब्येतीसाठीही तेवढं करता येईल.

बैठकीच्या आदल्या दिवशी टेप शोधून ठेवा, अंगणवाडीताईंना काट्याचं सांगून ठेवा आणि आशाताईंना निरोप द्या. तुमच्या गटात काय जमलं, काय अडलं ते आम्हाला कळवा. त्यातले प्रश्न पुढच्या भाषणात घेऊ. तोपर्यंत तब्येत सांभाळा. रामराम.